घरचें आरोग्य : पोटांतील धोरी नस

आपल्या घरांतून पोटाच्या तक्रारींचा जितका बोभाटा होतो, तितका दुसऱ्या कोणत्याहि अवयवाच्या तक्रारींचा होत नसेल. अण्णांना पित्त झालें, काकांचें पोट फुगलें, आजींना रात्रीचें अन्न पचलें नाहीं, धाकट्याच्या पोटांत मुरडा आला. प्रत्येकाच्या वांट्याला ओंवा, हिंग, सुंठ किंवा पादेलोण यांपैकीं कांहीं तरी येतें, आणि बहुधा त्यानें बरेंहि वाटतें. पोट बोलतें, म्हणून त्याच्याकडे लक्ष जातें. परंतु त्याच पोटाच्या मागील अंगास, कण्याला लागून, एक विकार असा वाढूं शकतो कीं तो वर्षानुवर्षें एक शब्दहि बोलत नाहीं. आणि बोलतो तेव्हां ऐकून घेण्यास फारसा अवधि ठेवीत नाहीं. या महिन्यांत त्या मुक्या विकाराविषयीं लिहावयाचें आहे. त्याची माहिती घरांतील कर्त्या पुरुषांइतकीच, किंबहुना त्यांच्यापेक्षांहि अधिक, घरांतील स्त्रियांना असणें अगत्याचें आहे. कारण वडील माणसाचें दुखणें प्रथम त्यांच्याच ध्यानांत येतें.

धोरी नस म्हणजे काय?

हृदयाच्या डाव्या कप्प्यांतून शुद्ध रक्त घेऊन निघणारी जी सर्वांत मोठी रक्तवाहिनी, तिला शास्त्रांत महारोहिणी किंवा महाधमनी म्हणतात. आपल्या बोलण्यांतील ‘धोरी नस’ हा शब्द तिला चांगला शोभतो. ही हृदयापासून वर चढते, कमानीसारखी वळते, आणि कण्याच्या पुढून उतरत उतरत छातींतून पोटांत येते. वाटेंत जठर, यकृत, आंतडीं आणि मूत्रपिंडें यांना शाखा देऊन ती बेंबीच्या जरा खालीं दोन पायांसाठीं दुभंगते. पोटांतील तिचा व्यास प्रौढ माणसांत सुमारें २ सेंटीमीटर, म्हणजे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढा असतो.

तिची भिंत लवचिक तंतूंनीं विणलेली असते. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशीं ती किंचित् ताणते व पुन्हां पूर्ववत् होते. सत्तर वर्षांच्या आयुष्यांत हें ताणणें-सैलावणें अडीचशें कोटींहून अधिक वेळां होतें. इतक्या श्रमानें कांहीं माणसांत, विशेषतः उतारवयांत, ते तंतु झिजतात आणि मूत्रपिंडांच्या शाखांखालील भागांत भिंत हळूहळू बाहेर येऊं लागते. सायकलच्या जुन्या ट्यूबला एके ठिकाणीं फुगा येतो, तसाच हा प्रकार. हा व्यास ३ सेंटीमीटर किंवा त्याहून अधिक झाला म्हणजे डॉक्टर त्यास ‘ॲन्युरिझम’ म्हणतात. आपण त्याला ‘फुगवटा’ म्हणूं.

ट्यूबच्या फुग्याचा एक धर्म सर्वांच्या पाहण्यांतला आहे. हवा भरतांना आरंभीं जोर लागतो; परंतु एकदां फुगा आला कीं तो आपण होऊन मोठा होऊं पाहतो. रक्तवाहिनीचेंहि तसेंच आहे. आंतील दाब तोच असला तरी जसजसा व्यास वाढतो, तसतसा भिंतीवरील ताण वाढत जातो, आणि ताण वाढला म्हणजे भिंत आणखी पातळ होते. म्हणून लहान फुगवटा वर्षास दोन-तीन मिलिमीटर अशा संथ गतीनें वाढतो, मोठा अधिक वेगानें वाढतो, आणि एका मर्यादेपलीकडे तो केव्हां फुटेल याचा नेम राहत नाहीं.

‘बेंबी सरकली’

पोटांत दुखूं लागलें कीं कित्येक घरीं बेंबीपाशीं बोटें दाबून आंतील ठोका पाहण्याची चाल आहे. ठोका बेंबीच्या मध्यावर लागला तर ठीक. बाजूस लागला तर ‘बेंबी सरकली’ असें ठरवून पोट चोळवून घ्यावयाचें. हा जो ठोका लागतो तो बेंबीचा नसतो. तो तिच्यामागें असलेल्या महारोहिणीचा असतो. सडपातळ माणसांत तो सहज लागतो आणि त्यांत भिण्यासारखें कांहीं नाहीं. परंतु साठी उलटलेल्या पुरुषाच्या पोटांत तो ठोका रुंद लागत असेल, दोन्ही बाजूंस ठेवलेले हात प्रत्येक ठोक्याबरोबर एकमेकांपासून दूर सारले जात असतील, किंवा निजल्यावर आपल्याच पोटांत धडधड जाणवते असें तो स्वतः सांगत असेल, तर चोळणाराला बोलावूं नये, डॉक्टरांकडे जावें. अशा पोटावर जोरानें दाबणें किंवा चोळणें धोक्याचें आहे. उलटपक्षीं, स्थूल माणसांत मोठा फुगवटाहि हातास लागत नाहीं. तेव्हां हातास कांहीं लागलें नाहीं म्हणजे कांहीं नाहींच, असेंहि समजूं नये.

भिंत कां खचते?

या विकाराचीं जीं कारणें आज निश्चित झालेलीं आहेत, त्यांत पहिलें वय, दुसरें पुरुषजाति आणि तिसरें धूम्रपान होय. पहिल्या दोहोंवर इलाज नाहीं; तिसरें सर्वस्वीं आपल्या हातीं आहे, आणि टाळतां येण्याजोग्या कारणांत तेंच सर्वांत बलवान् आहे. तंबाखूचा धूर भिंतीच्या लवचिक तंतूंचा नाश करतो, झालेला फुगवटा अधिक वेगानें वाढवितो आणि तो फुटण्याचा संभवहि वाढवितो. सिगारेट वाईट पण विडी सौम्य, कारण ती पानांत गुंडाळलेली, ही आपल्याकडील समजूत निराधार आहे. विडी विझूं नये म्हणून ओढणारा वारंवार आणि खोल झुरके घेतो, आणि धूर छातींत तितकाच जातो. सोडलेल्या माणसाचा धोका वर्षांगणिक उतरत जातो, तथापि न ओढणाराइतका तो लवकर होत नाहीं. म्हणून ‘आतां वीस वर्षें झालीं, विडीला शिवलों नाहीं’ असें म्हणणारे आजोबाहि तपासणीच्या यादींतून सुटत नाहींत.

रक्ताचा वाढलेला दाब, रक्तवाहिन्यांच्या आंत साचणारा मेदाचा थर आणि कुळाचा वारसा हीं यापुढचीं कारणें. ज्याच्या बापास किंवा सख्ख्या भावास हा विकार झाला, त्याचा धोका इतरांच्या साधारण दुप्पट असतो. मधुमेही माणसांत हा विकार कमी आढळतो, हें एक नवल आहे. परंतु मधुमेह हृदयास, मूत्रपिंडांस व दृष्टीस जी हानि करतो ती पाहतां, त्यांत समाधान मानण्याजोगें कांहीं नाहीं. आपल्या देशांत तरुण माणसांतहि, विशेषतः स्त्रियांत, महारोहिणीच्या भिंतीला सूज आणणारा ‘ताकायासु’ नांवाचा एक रोग आढळतो, आणि क्वचित् जंतूंच्या संसर्गानेंहि भिंत खचते. हे प्रकार निराळे. त्यांची चिकित्साहि निराळी.

जुन्यांस काय ठाऊक होतें?

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानांत ग्रंथींचे जे प्रकार सांगितले आहेत, त्यांत ‘सिराज ग्रंथि’ म्हणून एक आहे. दुर्बळ माणसानें अतिश्रम केल्यानें वायु प्रकुपित होऊन सिरांची गांठ उत्पन्न होते, असें त्याचें वर्णन आहे. जी दुखते व हलते ती कष्टसाध्य. जी दुखत नाहीं, हलत नाहीं, मोठी आहे व मर्मस्थानीं आहे, ती असाध्य, असा तेथें निवाडा दिलेला आहे. अनेक आधुनिक अभ्यासक या ग्रंथीचा अर्थ रोहिणीचा फुगवटा असाच करतात. तो अर्थ कोणीं स्वीकारो वा न स्वीकारो, न दुखणारी गांठ दुखणाऱ्या गांठीहून भयंकर असूं शकते, ही त्या आचार्यांची दृष्टि मात्र या विकारास तंतोतंत लागू पडते. वेदना नाहीं म्हणून विकार नाहीं, अशी समजूत करून घेणें हाच येथें घात आहे.

आइन्स्टाइनचें दुखणें

या विकारानें गेलेल्यांत जगांतील सर्वांत प्रसिद्ध माणूस म्हणजे आल्बर्ट आइन्स्टाइन. त्यांना कित्येक वर्षें मधून मधून पोटाच्या वरच्या भागांत वेदनेचे झटके येत. १९४८ च्या डिसेंबरांत न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागांतील ज्यूइश हॉस्पिटलांत रुडॉल्फ निसेन या शस्त्रवैद्यांनीं त्यांचें पोट उघडून पाहिलें, तों महारोहिणीला मोठ्या फळाएवढा फुगवटा आलेला. त्या काळीं तो भाग काढून टाकून दुसरी नळी जोडण्याची विद्या साध्य झालेली नव्हती. निसेन यांनीं फुगवट्याभोंवतीं सेलोफेनचा कागद गुंडाळला; हेतु असा कीं, त्या परक्या पदार्थामुळें भोंवतीं घट्ट व्रणतंतु तयार व्हावे आणि भिंतीला आधार मिळावा. आइन्स्टाइन, ज्यांच्या हातांतील पाइप त्यांच्या चित्रांतूनहि प्रसिद्ध आहे, त्यानंतर सहा वर्षांहून अधिक जगले. १९५५ च्या एप्रिलांत फुगवट्यांतून रक्त झिरपूं लागलें. तोंवर नवी शस्त्रक्रिया अस्तित्वांत आलेली होती आणि ती करावी असा सल्लाहि त्यांना देण्यांत आला. परंतु त्यांनीं शांतपणें नकार दिला. १८ एप्रिल १९५५ रोजीं प्रिन्स्टन येथें, वयाच्या ७६ व्या वर्षीं, त्यांचें देहावसान झालें.

या हकीगतींतून आपल्या घरांनीं दोन गोष्टी घ्याव्या. पहिली ही कीं, फुगवट्याची वेदना पित्ताशयाच्या सुजेसारखी भासूं शकते, आणि अशा फसवणुकीस पुढें वैद्यकांत आइन्स्टाइन यांचेंच नांव मिळालें. दुसरी गोष्ट निर्णयाची. नकार देण्याचा त्यांचा अधिकार कोणी अमान्य करणार नाहीं. परंतु तो नकार ज्याचें शरीर त्यानें, पूर्ण समजून, स्वतःच्या मुखानें दिलेला होता. आपल्या एकत्र कुटुंबांत पुष्कळदां असें होतें कीं, रिपोर्ट मुलगा वाचतो, डॉक्टरांशीं पुतण्या बोलतो, खर्चाचा विचार थोरले भाऊ करतात, आणि ज्यांचें पोट त्या आजोबांस ‘थोडी सूज आहे’ एवढेंच सांगण्यांत येतें. यांत प्रेम असतें हें खरें. तथापि शहाण्या, विचारी वडील माणसाचा हा एक प्रकारें उपमर्दच होय. त्यांना आंकड्यासह सर्व सांगावें आणि त्यांचें मत प्रथम विचारावें.

कापडाची नळी

१९५१ सालीं पॅरिस येथें शार्ल द्युबोस्त यांनीं फुगलेला भाग काढून त्या जागीं मृत व्यक्तीच्या महारोहिणीचा तुकडा बसविला आणि रोगी वांचला. परंतु असे तुकडे मिळणार किती आणि टिकणार किती? अमेरिकेंतील ह्यूस्टनच्या मायकेल डिबेकी यांनीं लहानपणीं आईपासून शिवण घेतलें होतें. १९५२ च्या सुमारास ते कापडाच्या दुकानांत गेले. नायलॉन संपलें होतें म्हणून डेक्रॉन नांवाचें नवें कापड त्यांनीं घेतलें, आणि घरच्या शिवणाच्या यंत्रावर त्याची नळी शिवली. तें कापड शरीरानें असें सामावून घेतलें कीं आजहि त्याच जातीच्या धाग्याच्या नळ्या सर्वत्र वापरतात. पुढें २००५ च्या अखेरीस, वयाच्या ९७ व्या वर्षीं, डिबेकी यांची स्वतःची छातींतील महारोहिणी दुभंगली, तेव्हां २००६ सालीं त्यांच्यावरहि तशाच नळीचा उपचार झाला आणि ते आणखी दोन वर्षें जगले. शिवणाची कला हें केवळ घरगुती काम समजणाऱ्यांनीं ही हकीगत ध्यानांत ठेवावी.

दुसरी मोठी सुधारणा १९९० सालीं ब्वेनोस आयरेस येथें ह्वान पारोदी यांनीं केली. पोट न उघडतां, जांघेंतील रोहिणींतून मिटलेली कापडी नळी वर सरकवून, फुगवट्याच्या आंत ती धातूच्या जाळीच्या आधारानें उघडावयाची. म्हणजे रक्त नळींतून वाहतें आणि फुगलेल्या भिंतीवर दाब येत नाहीं.

आज या दोन्ही पद्धति चालतात. पोट उघडून केलेली शस्त्रक्रिया योजून, वेळेवर केली असतां शंभरांत तीन ते पांच रोगी दगावतात; जांघेंतून नळी घातल्यास एक किंवा दोन. दुसरींत दुखणें कमी आणि घरीं परतणें लवकर. परंतु नळीच्या कडेनें रक्त झिरपण्याचा संभव असल्यामुळें जन्मभर नियमानें तपासणी करावी लागते, आणि बऱ्याच वर्षांनंतर तिचा आरंभींचा लाभ उरत नाहीं असें इंग्लंडांतील दीर्घ पाहणींत दिसून आलें. म्हणून तुलनेनें तरुण व सशक्त रोग्यास पहिली आणि वयोवृद्ध किंवा हृदय-फुप्फुसांनीं दुर्बळ रोग्यास दुसरी, असा सामान्य कल असतो. फुगवट्याची ठेवणहि पाहावी लागते. हा निर्णय रक्तवाहिन्यांच्या शस्त्रवैद्याचा. घरच्यांनीं प्रश्न मात्र दोन्ही पद्धतींविषयीं विचारावे.

एकदां मोजून घ्यावें

हा मुका विकार ओळखण्याचें साधन अत्यंत सोपें आहे. गर्भवती स्त्रियांमुळें जी सोनोग्राफी आतां घराघरांस परिचित झाली आहे, तीच पोटावर फिरवून धोरी नसेचा व्यास दहा मिनिटांत मोजतां येतो. सुई नाहीं, वेदना नाहीं, किरणांचा उपद्रव नाहीं.

याचा उपयोग किती होतो, हें इंग्लंडांत पाहण्यांत आलें. ६५ ते ७४ वर्षांच्या सुमारें ६८ हजार पुरुषांपैकीं निम्म्यांस तपासणीसाठीं बोलावलें, निम्म्यांस बोलावलें नाहीं. चार वर्षांनंतरचे निष्कर्ष २००२ सालीं प्रसिद्ध झाले. बोलावलेल्या गटांत या विकारानें होणारे मृत्यु शेंकडा ४२ नीं कमी होते. त्यानंतर २००९ पासून तेथें ६५ व्या वर्षीं प्रत्येक पुरुषास तपासणीचें पत्र धाडण्यास आरंभ झाला आणि २०१३ पर्यंत ही योजना सर्व इंग्लंडभर पसरली. अमेरिकेंतील तज्ज्ञमंडळाची शिफारस अशी कीं, ६५ ते ७५ वर्षांच्या ज्या पुरुषानें आयुष्यांत केव्हांहि धूम्रपान केलें असेल त्यानें ही तपासणी एकदां करून घ्यावी. आपल्याकडे असें पत्र कोणी धाडीत नाहीं. म्हणून तें काम घरानेंच आपल्या अंगावर घेतलें पाहिजे. पासष्टी उलटलेले, विडी-सिगारेट ओढणारे किंवा पूर्वीं ओढलेले पुरुष, आणि ज्यांच्या बापास अगर भावास हा विकार होता असे साठीच्या घरांतील पुरुष, यांची प्रथम यादी करावी. ज्या स्त्रियांच्या माहेरच्या कुळांत हा विकार आहे, त्यांनीं डॉक्टरांस विचारावें. स्त्रियांत तो कमी होतो, परंतु झाल्यास लहान आकारावरच फुटतो. पुष्कळ वडील मंडळींची सोनोग्राफी लघवीच्या तक्रारीसाठीं किंवा मूतखड्यासाठीं होतच असते. त्याच वेळीं ‘महाधमनीचा व्यासहि मोजून लिहावा’ एवढें सांगितलें कीं काम झालें.

आंकडे कसे वाचावे?

समजा, एरंडोलच्या एखाद्या घरीं आजोबांच्या मूतखड्यासाठीं जळगांवास सोनोग्राफी झाली आणि रिपोर्टांत ४.२ सेंटीमीटरांचा फुगवटा लिहून आला. घरांत लगेच दोन पक्ष पडतील. पुण्याचा मुलगा दूरध्वनीवरून म्हणेल, ‘बाबांना उद्यांच घेऊन या, शस्त्रक्रिया करून टाकूं.’ वडीलबंधु म्हणतील, ‘इतकीं वर्षें कांहीं झालें नाहीं, आतां कशाला हात लावतां?’ या ठिकाणीं दोघांचेंहि चुकतें.

पुरुषांत ५.५ आणि स्त्रियांत सुमारें ५ सेंटीमीटर होईपर्यंत शस्त्रक्रिया करूं नये, असा आजचा सर्वसंमत नियम आहे. कारण तोंवर फुटण्याच्या धोक्यापेक्षां शस्त्रक्रियेचा धोका अधिक. ४ ते ५.५ सेंटीमीटरांच्या फुगवट्यांवर लवकर शस्त्रक्रिया केल्यानें आयुष्य वाढत नाहीं, असें इंग्लंड व अमेरिका या दोन्ही देशांतील मोठ्या प्रयोगांत सिद्ध झालें आहे. परंतु शस्त्रक्रिया नको याचा अर्थ कांहींच नको असा नव्हे. इंग्लंडच्या योजनेंत ३ ते ४.४ सेंटीमीटरांस वर्षांतून एकदां आणि ४.५ ते ५.४ सेंटीमीटरांस दर तीन महिन्यांनीं पुन्हां मोजतात. फुगवटा वर्षांत एक सेंटीमीटरानें वाढला, किंवा पोटांत अगर पाठींत दुखूं लागलें, तर आंकड्याची वाट न पाहतां शस्त्रवैद्याकडे जावें. तेव्हां आपल्या या आजोबांनीं विडी आजच सोडावी, रक्तदाबाचें औषध नियमानें घ्यावें, मेद उतरविणारें औषध घ्यावें काय तें डॉक्टरांस विचारावें, आणि दरवर्षीं, शक्य तर एकाच ठिकाणीं, व्यास मोजून घ्यावा. तपासणीची तारीख मुलांच्या परीक्षेच्या तारखेसारखी दिनदर्शिकेंत लिहून ठेवावी.

भीतीनें त्यांना बिछान्यावर मात्र बसवूं नये. चालणें-फिरणें हितकर आहे. पद्मालयाच्या गणपतीला जाण्यास अशा माणसाला प्रत्यवाय नाहीं. टाळावें तें इतकेंच : श्वास कोंडून जड ओझें उचलणें, शौचाला कुंथणें, आणि मयूरासन किंवा नौलीसारख्या पोटावर दाब आणणाऱ्या क्रिया. औषधांत एक सावधगिरी आहे. सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन इत्यादि जंतुनाशक गोळ्यांनीं महारोहिणी दुभंगण्याचा अथवा फुटण्याचा धोका वाढूं शकतो, म्हणून दुसरा उपाय असतां फुगवट्याच्या रोग्यास त्या देऊं नयेत, असा इशारा अमेरिकेच्या औषधनियंत्रण खात्यानें २०१८ सालीं दिला आहे. जुलाब झाले किंवा लघवीला जळजळ झाली कीं या गोळ्या दुकानांतून परस्पर आणण्याची संवय आपल्याकडे फार आहे. अशा घरीं ती मोडली पाहिजे.

फुटली तर

फुगवटा फुटल्यावर दहांपैकीं सुमारें आठ माणसें दगावतात, आणि त्यांपैकीं कित्येक रुग्णालयाची पायरी चढण्यापूर्वींच. म्हणून लक्षणें पाठ असावींत. साठी उलटलेल्या माणसाच्या पोटांत, पाठींत किंवा बरगडीखालील कुशींत एकाएकीं असह्य वेदना; तिच्याबरोबर घेरी, दरदरून घाम, पांढराफटक चेहरा; कधीं वेदना जांघेकडे उतरते. हें चित्र मूतखड्याच्या कळेसारखें इतकें हुबेहुब दिसतें कीं जाणते डॉक्टरहि फसतात. उतारवयांत जन्मांत प्रथमच ‘मूतखड्याची कळ’ आली, तर ती मूतखड्याची नसूंहि शकेल, हें स्वतः बोलून दाखवावें. आणखी एक लहान खूण : फुगवट्याच्या आंतील गुठळीचे कण खालीं जाऊन पायाचें एखादें बोट निळें पडतें व ठणकतें. तीहि दुर्लक्षूं नये.

अशा वेळीं रोग्यास आडवें निजवावें. खाण्यास व पिण्यास कांहीं देऊं नये. पोट चोळूं नये, शेकूं नये. वेदना उतरते काय हें पाहत घरीं तास-दोन तास काढूं नयेत. १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि फुगवटा पूर्वीं ठाऊक असल्यास ‘महाधमनीचा ॲन्युरिझम आहे’ हे शब्द पहिल्या वाक्यांतच उच्चारावे. एरंडोलहून जळगांव सुमारें ३० किलोमीटर, धुळें त्याच्या साधारण दुप्पट. दोन्ही गांवीं शासकीय वैद्यकीय महाविद्यालयें आहेत. परंतु ही शस्त्रक्रिया प्रत्येक मोठ्या रुग्णालयांत, प्रत्येक वेळीं होईलच असें नाहीं, आणि नाशिक दोनशें किलोमीटरांहून दूर. मध्यरात्रीं एका दारावरून दुसऱ्या दारावर रोगी फिरविण्यांत जो वेळ जातो, त्यांतच प्राण जातो. म्हणून ज्या घरीं फुगवटा ठाऊक आहे, त्या घरानें धडधाकट दिवसांतच चौकशी करून ठेवावी : जवळांत जवळ रक्तवाहिन्यांचे शस्त्रवैद्य कोठें आहेत, रात्रीं कोणास विचारावें, रक्ताची सोय कोठें आहे, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेंतून मदत मिळते काय, ही शेवटची माहिती संलग्न रुग्णालयांतील आरोग्यमित्र देतील. तें सर्व एका कागदावर लिहून, शेवटच्या रिपोर्टासह, देव्हाऱ्याजवळ किंवा जेथें रात्रीं अंधारांतहि हात जाईल अशा ठिकाणीं ठेवावें.

घरानें काय करावें?

एकत्र कुटुंबाची निंदा करणारे आज पुष्कळ आहेत. परंतु या विकाराच्या बाबतींत त्या पद्धतीचा एक लाभ निर्विवाद आहे. हा विकार कुळांतून चालतो, आणि कुळ जेथें एकमेकांस धरून असतें तेथें सूचना लवकर पोहोंचते. आजोबांच्या पोटांत फुगवटा सांपडला, तर ती केवळ आजोबांची बातमी नव्हे. ती त्यांच्या पाठच्या भावाची आहे, मग तो अंमळनेरास असो वा अमेरिकेंत. त्यांच्या मुलांची आहे. आणि सासरीं गेलेल्या मुलींचीहि आहे. ‘उगाच कशाला कोणाला घाबरवा’ म्हणून ही बातमी दडविणें, म्हणजे भावाच्या हाताशीं असलेला उपाय आपण होऊन दूर ठेवणें होय. पूर्वजांची वंशावळ पुष्कळ घरीं हौसेनें लिहून ठेवलेली असते. तिच्यांतच कोण कशानें गेले, किती वयाचे असतां गेले, विडी-तंबाखूचें व्यसन होतें काय, एवढें एक-एक ओळ लिहिलें, तर पुढच्या पिढीच्या डॉक्टरांस ती वंशावळ फार उपयोगी पडेल. ‘पोटांत एकाएकीं कळ आली आणि तासाभरांत गेले’ अशी जर एखाद्या चुलत्या-आजोबांची आठवण घरांत सांगत असतील, तर ती ओळ अवश्य लिहावी.

येत्या दिवाळींत सगळीं घरीं जमतील. फराळ झाल्यावर घटकाभर बसून, पासष्टीच्या घरांतील पुरुष किती, त्यांपैकीं विडी-सिगारेट कोणीं ओढली, कोणाचा व्यास मोजलेला आहे व कोणाचा राहिला आहे, एवढें गृहिणींनीं विचारावें. राहिलेल्यांची सोनोग्राफी तुळशीच्या लग्नापूर्वीं उरकावी. बहुतेकांच्या रिपोर्टांत व्यास नेहमींचाच येईल आणि तो विषय तेथेंच संपेल. ज्या एखाद्याचा मोठा येईल, त्याच्यासाठीं विचाराला वेळ, डॉक्टर निवडायला वेळ आणि स्वतःच्या मुखानें होय-नाहीं सांगायला वेळ हातीं असेल. फुगवटा फुटल्यावर यांपैकीं कांहींच हातीं राहत नाहीं.